सभागृहे परतली, निर्णय परतणार का?

नगरपालिकेचा निर्णय म्हणजे कायद्याच्या भाषेत ठराव. ठराव होण्यासाठी त्याला एक ठरलेली वाट चालावी लागते. आधी खात्याची टिपणी तयार होते, मग विषयपत्रिका निघते आणि ती सर्वसाधारण सभेच्या सात दिवस आधी सदस्यांच्या हाती पडते. सभागृहात सूचक आणि अनुमोदक उभे राहतात, चर्चा होते, कोणी उपसूचना देतो, गरज पडली तर मतदान होते आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते. सातारा नगरपालिका 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने चालते, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1949 च्या महापालिका अधिनियमाने. कायदे दोन असले तरी वाट साधारण एकच आहे. साताऱ्यात डिसेंबर 2021 पासून आणि सांगलीत ऑगस्ट 2023 पासून ही वाट बंद होती. डिसेंबर 2025 मध्ये साताऱ्याने आणि 15 जानेवारी 2026 रोजी सांगलीने मतदान करून ती पुन्हा उघडली आहे.

ती बंद पडण्याचे कारण या दोन शहरांत नव्हते. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये निकाल दिला आणि तीन अटींची तिहेरी चाचणी पुरी केल्याशिवाय आरक्षण देता येणार नाही असे सांगितले. त्यानंतर या चाचणीसाठी नेमलेला बांठिया आयोग आला, प्रभागांच्या रचना झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. अखेर मे 2025 मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्या असे बजावले. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे, हे तिच्यात स्वच्छ लिहिलेले आहे. तरी साताऱ्यात चार वर्षे नगरसेवक नव्हता. मधल्या काळात खेळाचे नियमही मुंबईतून बदलत राहिले. नगराध्यक्ष 2016 मध्ये थेट जनतेतून निवडला गेला, 2020 मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. प्रभाग एक सदस्याचा की अनेक सदस्यांचा, याचाही असाच झोका चालला. आपल्या शहराचा कारभार कोणत्या साच्याने चालावा, हे ज्यांच्यासाठी ठरत होते त्यांना कोणी विचारले नाही.

प्रशासकाच्या काळात कामे झाली नाहीत असे म्हणता येणार नाही. उलट फायली झपाट्याने हलल्या, असे सांगणारे बरेच भेटतील. हलणारच होत्या. ज्या अधिकाऱ्याने प्रस्ताव मांडायचा त्यानेच स्थायी समिती म्हणून तो मंजूर करायचा आणि महासभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करायचे, अशी व्यवस्था असेल तर अडवणार कोण? अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, ठेका देणारा आणि ठेक्यावर देखरेख ठेवणाराही एकच. अधिकारी प्रामाणिक असला तरी विरोधी बाजू मांडायला त्या खोलीत माणूस नसतो. आमच्याच गल्लीचे काम मागे का पडले, हे विचारायला नागरिकाने आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर ताटकळत बसायचे आणि उत्तर मिळेल ते निमूट घ्यायचे, एवढाच मार्ग उरला होता.

याची सर्वांत मोठी झळ साताऱ्याच्या उपनगरांना बसली. सातारा नगरपालिका 1853 सालची. तिच्या जुन्या हद्दीबाहेर शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर अशा वसाहती वाढत गेल्या आणि हद्दवाढीचा प्रस्ताव कित्येक वर्षे कागदावर फिरत राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने तो अखेर मान्य केला. शहर मोठे झाले ते योग्यच झाले. शहराच्या रस्त्यांवर, बाजारात, शाळांत ज्यांचे रोजचे जीवन होते त्यांनी कर वेगळ्या ठिकाणी भरावा, यात काही अर्थ नव्हता. पण हद्दवाढीने शाहूपुरी, विलासपूरच्या ग्रामपंचायती गेल्या आणि त्यांच्याबरोबर ग्रामसभाही गेल्या. पालिकेत बसलेले मंडळ 2016 मध्ये जुन्या हद्दीतून निवडलेले होते, त्यात या भागाचे मत नव्हते. ते मंडळ गेले आणि प्रशासक आले. म्हणजे ग्रामपंचायतीच्या सरपंचाला चार शब्द सुनावू शकणारा शाहूपुरीचा मतदार पाच वर्षे कोणालाच मत न देता पालिकेचा रहिवासी राहिला. पालिकेसाठी मतदान करण्याची त्याची पहिली संधी डिसेंबर 2025 ची. पाण्याचीही तीच कथा. शहराच्या जुन्या भागाला पालिकेचे पाणी आणि उपनगरांना राज्याच्या जीवन प्राधिकरणाचे. हद्द एक झाली, नळ दोन राहिले. तक्रार कोणाकडे न्यायची, हा प्रश्न त्यामुळे अजून सुटलेला नाही.

पालिका नेटाने निर्णय घेऊ शकते, याचा दाखलाही साताऱ्यातच आहे. कास तलाव पालिकेच्या मालकीचा. त्याच्या धरणाची उंची वाढवण्याचे काम वनखात्याच्या परवानग्या, निधीच्या अडचणी आणि मंडळांचे बदल पचवून पुरे झाले. साठा पूर्वीच्या पाचपट, सुमारे अर्धा टीएमसी झाला. कोणत्या स्थानिक आघाडीने नारळ फोडला यावर वाद होऊ शकतो, आणि साताऱ्यात तो होतोच. पण स्वतःच्या मालकीचा जलस्रोत आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली नजर यांमुळे पालिकेला इथे काय हवे आहे हे ठाऊक होते. जिथे योजना वरून येते, निधी आमदार-खासदारांच्या पत्राने येतो, काम सार्वजनिक बांधकाम खाते करते आणि सभागृहाकडे फक्त नाहरकत ठराव मागितला जातो, तिथे पालिकेची अशी पकड दिसत नाही.

सांगलीचे दुखणे वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 9 फेब्रुवारी 1998 रोजी महापालिका झाली. कृष्णाकाठची पटवर्धनी पेठ असलेली सांगली, रेल्वे आणि दवाखान्यांचे मिरज, औद्योगिक वसाहतीलगत वाढलेले कुपवाड, अशी तीन स्वभावांची गावे एका सभागृहात आणली गेली. 2011 च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. निधीचा मोठा वाटा सांगलीला जातो, ही मिरज आणि कुपवाडची तक्रार तेव्हापासूनची आहे. तिचा निकाल लावण्याची जागा अर्थसंकल्पाची सभा हीच. पण त्या सभेत चर्चा शहरांच्या गरजांवर कमी आणि प्रत्येक प्रभागाच्या रकमेवर जास्त होते.

या महापालिकेची खरी कसोटी गुंठेवारी ही आहे. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले आणि नोकरदार, हमाल, कारागीर, छोटे दुकानदार यांनी पोटाला चिमटा काढून ते घेतले. बिनशेती परवाना नाही, रेखांकन नाही, रस्त्याला जागा नाही. सांगलीत गुंठेवारीधारकांची चळवळच उभी राहिली. 2001 मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ दिला. घर वाचले, हे चांगले झाले. पण प्रशमन शुल्क भरून प्रमाणपत्र हातात पडले म्हणून काळ्या जमिनीत साचलेले पाणी वाहून जात नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात दर पावसाळ्यात चिखलातून वाट काढावी लागते. मागणी होते ती मुरूम टाकण्याची. मुरूम टाकला जातो, बिल निघते आणि पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा टाकावा लागतो. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा एकत्रित आराखडा करून टप्प्याटप्प्याने काम करायचे, तर चार-पाच वर्षांचा निधी एका दिशेने वळवावा लागेल आणि बाकीच्या प्रभागांना थांबा म्हणावे लागेल. तेवढे धैर्य एकट्या नगरसेवकात नसते. ते सभागृहाने सामूहिकपणे दाखवायचे असते.

पुराचेही तसेच आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि जुलै 2021 मध्येही ते 50 फूट ओलांडून गेले. 2005 चा पूर त्याआधीचा. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या शहरात पूरपट्ट्यातील बांधकाम हा सभागृहातील पहिला विषय असायला हवा. प्रत्यक्षात पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, विकास आराखड्याला मंजुरी नगरविकास विभाग देतो, पंचनामे महसूल खाते करते आणि बांधकाम परवाना महापालिका देते. चौघांत विभागलेली जबाबदारी शेवटी कोणाचीच राहत नाही. नाले बुजले, त्यांच्यावर भराव पडले, हे सगळ्यांना दिसते. ते कोणत्या ठरावाने आणि कोणाच्या परवान्याने झाले हे कोणी विचारत नाही. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून ते धुळगावच्या शेतीकडे वळवण्याची योजना कागदावरून प्रत्यक्षात यायला किती मंडळे बदलली, हे सांगलीकरांनी पाहिले आहे.

मग सभागृहांत घडते काय? विषयपत्रिकेवरील दहा विषय तासाभरात वाचून होतात. खरी गडबड शेवटी सुरू होते, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांना. तातडीच्या कामासाठी ठेवलेली ही सवलत. आग, पूर, साथ अशा प्रसंगी ती हवीच. पण भूखंडाचा भाडेपट्टा, आरक्षणातील बदल, ठेक्याची मुदतवाढ असे विषय ऐनवेळी येतात तेव्हा तातडी नेमकी कोणाला असते, हे समजायला कायद्याचे ज्ञान लागत नाही. टिपणी वाचलेली नसते, विरोधकही कधी कधी गप्प बसतात आणि ठराव काय झाला हे इतिवृत्त लिहून झाल्यावर कळते. असे ठराव पुढे निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, होतात. नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात, महापालिकेचा ठराव राज्य सरकार. सभागृहाने स्वतःच्या हाताने आपली सत्ता वरच्यांकडे सोपवण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही.

सत्ताकारणात मात्र हीच सभागृहे अतिशय जागी असतात. सांगलीत 2018 मध्ये 78 पैकी 41 जागा जिंकून भाजपने बहुमत मिळवले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये महापौर राष्ट्रवादीचा झाला. साताऱ्यात सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी या दोन स्थानिक आघाड्यांचे मनोमिलन, फारकत आणि पुन्हा एकाच पक्षात येणे हा राजकारणाचा कायमचा विषय. दोन्ही आघाड्यांचे नेते एका पक्षात असल्यावर सभागृहात अडचणीचा प्रश्न कोणी विचारायचा? मोठे बहुमत ही सोय आहे, तसाच धोकाही आहे. साताऱ्याच्या नव्या मंडळाला हे आधी लक्षात घ्यावे लागेल.

नागरिकांसाठी कायद्यात जागा नाही असे नाही. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या घटनेनेच सक्तीच्या केल्या आहेत आणि महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांच्यावर स्वयंसेवी संस्थांच्या तीन प्रतिनिधींपर्यंत घेण्याची तरतूद आहे. 2009 मध्ये क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. एका भागातील सगळे मतदार तिचे सदस्य, नगरसेवक तिचा अध्यक्ष, कामांचा क्रम लोकांनी सुचवायचा. शहरातली ग्रामसभाच म्हणा. प्रत्यक्षात या सभा राज्यात जवळपास कुठेच नियमाने भरल्या नाहीत. स्वीकृत सदस्यत्व जाणकारांसाठी होते, ते पडलेल्या उमेदवारांची सोय लावण्यात खर्ची पडते. पुण्याने 2006 पासून अर्थसंकल्पात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली. तिच्यात उणिवा पुष्कळ आहेत, पण एखाद्या बाकड्यापासून पदपथापर्यंतची मागणी लेखी नोंदवली जाते आणि ती मान्य झाली की नाही हे कळते. ज्या जुन्या सातारा जिल्ह्यात 1943 नंतर ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारने गावोगाव लोकांची न्यायमंडळे चालवली, त्या परिसरातल्या दोन शहरांना एवढे जमू नये, हे पटणारे नाही.

नव्या सभागृहांना त्यासाठी वेगळा कायदा नको, निधीही नको. विषयपत्रिका आणि तिच्यातील टिपण्या सभेच्या सात दिवस आधी मराठीत जाहीर कराव्यात. जमीन, आरक्षण आणि ठेक्याचा एकही विषय ऐनवेळी घेणार नाही, असा ठराव पहिल्या सभांमध्येच करावा. प्रशासकाच्या काळातील मोठे ठेके आणि जमिनीविषयीचे ठराव सभागृहापुढे माहितीसाठी ठेवावेत. सांगलीने प्रभाग समित्यांवरील संस्थांच्या जागा भराव्यात आणि अर्थसंकल्पाआधी क्षेत्रसभा घ्याव्यात. साताऱ्यातही हद्दवाढीच्या भागात नगरसेवकांनी अशा बैठका घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. घरपट्टीच्या चतुर्वार्षिक आकारणीवर हरकती मागवताना सुनावणी उरकण्यापेक्षा आकारणीचा हिशेब समजावून सांगावा, म्हणजे निम्म्या हरकती तिथेच मिटतील.

दोन्ही शहरांत नव्या आर्थिक वर्षासाठी अर्थसंकल्प मांडला जातो. क्षेत्रसभा आणि प्रभागांच्या बैठका त्याआधी भरल्या, तरच लोकांच्या मागण्या आकड्यांत उतरतील. नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला त्याची तारीख आजच विचारावी.