‘फॉर्मेट’ करण्यापूर्वी

एकाच घरात दोन-तीन भाषा नांदविण्याची विद्या हैदराबादच्या मराठी कुटुंबांस शिकवावी लागत नाही. माजघरात मराठी, दारावर तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. आता घरातील मुले संगणकाकडूनही तीच अपेक्षा करतात. दिलसुखनगरसारख्या शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या वस्तीत, मुलाच्या अभ्यासासाठी लिनक्स आणि इतरांसाठी विंडोज अशा दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात बसविलेल्या आढळतात.

कळ दाबताच कोणत्या प्रणालीस पाचारण करावे, हे ठरविणारी छोटी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. लिनक्सबरोबर बहुधा ‘ग्रब’ येतो. एरिक बोलिन यांनी तो १९९५ मध्ये रचला. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत या प्रारंभिक आज्ञांच्या वाट्याला तबकडीवरील अवघे ४४६ बाइट येतात. देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट व्यापते, म्हणजे तेवढ्या जागेत दीडशे चिन्हांची चिठ्ठीही मावायची नाही! म्हणून ग्रब आपला उरलेला संसार लिनक्सच्या विभागात मांडतो. नव्या यंत्रांत जागेची टंचाई नाही, तरी व्यवस्था साधारण तशीच आहे. तो विभाग पुसला गेला की द्वारपाल जागा होतो खरा, पण त्याची वही हरवलेली असते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हेच झाले. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा वडिलांनी विंडोजमधून रिकामा भासणारा एक विभाग काढून टाकला. तो लिनक्सचा होता. पुन्हा यंत्र सुरू केले, तो काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे. त्या यंत्रात दिवंगत आजींच्या आवाजातील ओव्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. दुकानदाराने निदान केले, “फॉर्मेट मारना पडता साब, दूसरा रस्ता नै.”

दुसरा रस्ता होता. बूटलोडर बिघडल्याने विंडोजमधील एक अक्षरही पुसले जात नाही. फॉर्मेटने मात्र सारेच जाते. दुकानदारांस आम्ही फारसा दोष देत नाही. फॉर्मेट तासाभरात उरकते, आणि ओव्यांची किंमत त्यांच्या पावतीवर नसते. पण यजमानाने हो म्हणण्याची घाई का करावी? मुलाने दूरध्वनीवरून सांगितले, त्याप्रमाणे यंत्र सुरू होताना एफ-१२ ही कळ दाबून (काही यंत्रांत ती निराळी असते) यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले, आणि विंडोज सुखरूप उघडले. मग मांडणीत विंडोजला पहिला क्रम दिला, एवढीच दुरुस्ती. जुन्या पद्धतीच्या यंत्रात मात्र विंडोजच्या स्थापना-तबकडीची मदत घ्यावी लागते.

याउलट, विंडोज नव्याने बसविल्यावर लिनक्स दिसेनासे झाले, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसविता येतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने जुन्या, सदोष ग्रबला अटकाव करणारी सुधारणा धाडली, तेव्हा जगभर अशा अनेक यंत्रांनी लिनक्स उघडण्यास नकार दिला. पक्का उपाय मे २०२५ मध्ये आला. पण तेव्हाही धारिका जागच्या जागी होत्या. अशा पेनड्राइव्हने, काहीही न बसविता, धारिका बाहेर उतरवून घेता येतात; दुरुस्तीस हात घालण्याआधी तेवढे करून घ्यावे.

एक सूचना राहिली. विंडोजची तबकडी ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर सुरक्षेच्या मांडणीत बदल करताच यंत्र ४८ अंकी किल्ली मागते, आणि तिच्यावाचून पेनड्राइव्हचाही उपाय चालत नाही. ती आजच कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावी. आपल्याच संगणकात ती जपून ठेवणारी मंडळीही आम्हांस ठाऊक आहेत.