ऑपरेशननंतर काय?

मोहल्ल्यात एखादा तरुण बांधकामाच्या परांचीवरून पडतो, किंवा रात्री मोटारसायकल घसरून रस्त्यावर आपटतो, तेव्हा आपली माणसे धावून जातात. रक्त देतात. जुम्याच्या नमाजनंतर दुआ होते, झोळी फिरते, दोन दिवसांत ऑपरेशनचे पैसे उभे राहतात. याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण पुढे टाके निघतात, डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." घरी खाट लागते, भेटायला येणारे कमी होत जातात, आणि महिन्याभरात त्या घराची काळजी फक्त त्या घरापुरती उरते. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या दिवसापासूनच्या काळाबद्दल.

पाठीच्या मणक्यांतून मेंदूचा निरोप खाली नेणारी दोरी म्हणजे मज्जारज्जू. मानेजवळ मार बसला तर हात आणि पाय दोन्ही जातात. छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर बसला तर पाय जातात. त्याबरोबरच लघवी-शौचाचा ताबा आणि त्वचेची जाणीवही जाते, हे घरच्यांना उशिरा कळते. पूर्ण तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून देणारे औषध आजही जगात नाही. मार अर्धवट असेल तर काही शक्ती परत येऊ शकते, आणि ती येण्यासाठी सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. नेमके तेच महिने आपल्याकडे या मालिशवाल्याकडून त्या बाबाकडे जाण्यात खर्च होतात.

पाय हलत नाहीत म्हणून कोणी मरत नाही. माणूस जातो तो अंथरुणाने झालेल्या जखमा चिघळून आणि लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचून. पूर्वी कमरेखालून लुळे झालेले बहुतेक रुग्ण याच दोन कारणांनी थोड्या काळात दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे 1944 साली डॉ. लुडविग गुटमन यांनी असा विभाग सुरू केला. रुग्णाला ठराविक वेळाने कुशीवर वळवायचे, लघवीची स्वच्छता कसोशीने पाळायची आणि त्याला कामाला, खेळाला लावायचे, हा त्यांचा नियम होता. 1948 च्या जुलैमध्ये त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तिथे आहे.

याची साक्ष पाहायला विलायतेला जाण्याची गरज नाही. आपल्या पुण्यात, खडकीला, 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. लढाईत किंवा अपघातात पाठीचा कणा जायबंदी झालेले जवान तिथे राहतात. चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. हात चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्यात पॅरालिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आले. भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता प्रश्न असा की जवानाला खडकी आहे, मग कोंढव्यातील रंगाऱ्याला काय? पुण्यात आता मणक्याच्या आणि मेंदूच्या रुग्णांसाठी खासगी पुनर्वसन रुग्णालये आहेत, पण तिथे महिने काढणे प्रत्येकाच्या खिशाला झेपत नाही. मुंबईत केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे, तीही हाजी अलीला. दर्ग्याला जाणारी आपली कितीतरी कुटुंबे तिच्या जवळून जातात. तिथे नवस बोलून परतणाऱ्यांनी रस्त्यापलीकडच्या त्या इमारतीतही एकदा चौकशी करावी, असे आम्हाला वाटते.

पुनर्वसन रुग्णालयात काही चमत्कार होत नाही. तिथे शिकवले जाते. खाटेवरून खुर्चीवर कसे सरकायचे, स्वतः कपडे कसे घालायचे, सांधे आखडू नयेत म्हणून कोणते व्यायाम करायचे. घरच्या माणसांनाही सोबत शिकवतात, आणि ते शिकल्याशिवाय रुग्णाला घरी आणू नये. निदान एवढे तरी लक्षात ठेवावे:

खाटेवर असताना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायची. खुर्चीवर असताना थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचे किंवा बाजूला झुकायचे. कंबर, टाचा, नितंब रोज पाहायचे. लाली दिसली तर त्या जागेवर भार देणे लगेच बंद. गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, कारण भाजले तरी त्याला कळत नाही. डॉक्टरांनी लघवी नळीने काढायला सांगितली असेल तर स्वच्छ हातांनी, ठरलेल्या वेळी. मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोके ठणकू लागले, चेहऱ्याला घाम फुटला, तर रुग्णाला बसते करावे, नळी वळली किंवा तुंबली आहे का पाहावे आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे. यात रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

मेंदूला मार लागलेल्यांची गोष्ट निराळी. हातपाय चालतात, पण माणूस बदललेला असतो. शांत मुलगा शिव्या देतो, सकाळी काय खाल्ले ते विसरतो, रात्रभर जागतो, भलतेच बोलतो. मग घरात कुजबुज सुरू होते की याच्यावर काही असर झाला आहे, आणि आमिलाकडे नेले जाते. बंधूभगिनींनो, कपाळामागचा मेंदूचा भाग राग आणि संयम सांभाळतो. तो दुखावला की हेच होते. दुआ जरूर करा. पण साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, मारणे हा त्या जखमी माणसावर जुलूम आहे. त्याला हवे ते मेंदूच्या डॉक्टरांचे औषध, बोलण्याचे आणि स्मरणाचे प्रशिक्षण, रोजची ठरलेली दिनचर्या आणि कमी गोंगाट.

अशा रुग्णांच्या मनात एक खंत हमखास असते: "मला आता पाक राहता येत नाही, माझी नमाज कशी होणार?" दीनने ही वाट बंद केलेली नाही. उभे राहता येत नसेल त्याने बसून, बसता येत नसेल त्याने आडवे होऊन इशाऱ्याने नमाज अदा करावी, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. ज्याला लघवीची नळी आहे त्याला फिकहमध्ये माजूर मानून सवलत दिलेली आहे; तपशील आपल्या आलिमांना विचारावा. पण त्याला जमातीत यायचे असेल तर मशिदीला उतार हवा आणि वुजूखान्यात खुर्ची वळेल एवढी जागा हवी. नवा मजला चढवताना या दोन गोष्टींचा विचार किती कमिट्या करतात?

आणखी एक व्यक्ती या सगळ्यात कोणाला दिसत नाही. ती म्हणजे सेवा करणारी. बहुधा बायको, नाहीतर अम्मी. दर दोन तासांनी उठणारी, अंथरूण धुणारी, शिव्या ऐकणारी तीच. तिला "सब्र कर" म्हणणे सोपे आहे. दीर, नणंद, भाचे यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि आठवड्यात एक दिवस तिला माहेरी जाऊ दिले, तर तिचा सब्र टिकेल.

कागदपत्रांचेही पाहावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. पुण्यात तपासणी ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरले तर सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणासारख्या सवलतींचा मार्ग खुला होतो. निराधार असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा.

हे टाळण्यासारखे किती आहे, तेही सांगितले पाहिजे. पुणेकरांना हेल्मेटचे वावडे आहे, आणि त्यात आपली मुले मागे नाहीत. मागे बसणाऱ्या भगिनींची ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात अडकून मानेला दुखापत होते. बसण्यापूर्वी तो आवरून घ्यावा. अपघात दिसला तर जखमीला उचलून रिक्षात दुमडू नका. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर मान न हलवता तिथेच ठेवा आणि 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

शेवटी आमची सूचना जमातीच्या जबाबदार मंडळींना. ऑपरेशनसाठी आपण मदत गोळा करतो, ती तशीच करावी. पण रुग्ण गरजू असेल तर झकातीतून पुढच्या सहा महिन्यांची तरतूदही करावी: फिजिओथेरपी, हवेची गादी, नळ्या, मापाची चाकाची खुर्ची. आपल्या मोहल्ल्यात असे कितीजण खाटेवर आहेत, याची यादी येत्या जुम्यापर्यंत करून पाहावी. दोन-चार नावे तरी निघतील. त्यांच्या घरी जाऊन फक्त एवढेच विचारावे, "पाठीला जखम आहे का, आणि रात्री कोण उठते?"