मशीन मिळाले, चष्म्याचे काय?

लग्नसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात मानदुखीचे पेशंट वाढतात. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे, मग तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा अक्षय तृतीयेच्या आसपास. पेशंट बहुतेक बायका, वय पंचवीस ते पन्नास. तक्रार ठरलेली. मान धरली आहे, खांद्यापासून हात ओढतो, रात्री पंजाला मुंग्या येतात. फर्दापूर, सोयगाव हा आमचा भाग कापसाचा. त्यामुळे कित्येक वर्षे मी या दुखण्याचे खापर कापूस वेचणीवर फोडून मोकळा होत असे. वैशाखात कोणता कापूस वेचायचा असतो, हा प्रश्न मला पडला नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो.

आमच्या केसपेपरवर नाव, वय, गाव आणि व्यवसाय असे रकाने आहेत. बाई समोर बसली की मी व्यवसायाच्या रकान्यात न विचारता 'घरकाम' लिहीत असे. कॉलेजात आम्हाला तसे कोणी शिकवले नव्हते. हात आपोआप तसा चालायचा. एके दिवशी चाळिशीतल्या एका भगिनीने टेबलावर वाकून ते वाचले आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, घरकाम तर करतेच. पण मी शिवते. सीझनला रोजचे सहा-सात ब्लाउज होतात. ते पण लिहा की."

त्या दिवसापासून मी विचारायला लागलो आणि चकित झालो. मानदुखी, पाठदुखी, डोकेदुखी घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या घरी पायमशीन निघाले. कोणी ब्लाउज-परकर शिवते, कोणी फॉल-पिको करते, कोणी दुकानदाराकडून कापलेली झबली आणून नगावर शिवून देते, कोणी फक्त काज-बटण आणि हातशिलाई करते. विचारले तर सासू सांगते, "काही नाही हो, घरात बसून दोन टाके मारते." नवरा म्हणतो, "टाइमपास करते." आणि खुद्द ती बाईसुद्धा तेच म्हणते!

माझे म्हणणे आहे की या 'घरबसल्या' शब्दानेच बायकांचे अर्धे दुखणे वाढवले आहे. हमालाची पाठ दुखली तर आपल्याला नवल वाटत नाही. ड्रायव्हरची कंबर दुखली तर आपण म्हणतो, बिचारा दिवसभर स्टिअरिंगवर असतो. पण आठ तास पायडल मारणाऱ्या बाईची मान दुखली की आपण तिला 'कॅल्शियम कमी झाले असेल' म्हणतो. जे काम कामच धरले जात नाही, त्याचे दुखणे कोण मोजणार?

जाता जाता एक सांगतो. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी. पाहुणे आले की मीही त्यांच्याबरोबर जातो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छताकडे पाहा. उंच टोप्या आणि शिवलेले अंगरखे घातलेले परदेशी लोक तेथे रंगवले आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीची ही चित्रे. गाइड राजा सांगतो, राणी सांगते, बोधिसत्त्व सांगतो. तो अंगरखा कोणी बेतला आणि कोणी शिवला, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले मी ऐकले नाही.

आता मुद्द्यावर येतो. या दुखण्यांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्तात बरी होणारी गोष्ट डोळ्यांची आहे.

चाळिशी उलटली की डोळ्यातील भिंग कडक होत जाते. जवळचे पाहताना ते जेवढे फुगायला हवे तेवढे फुगत नाही. हा आजार नाही, केस पांढरे होण्यासारखा वयाचा भाग आहे. शेतात काम करणाऱ्या बाईला याची लवकर जाणीव होत नाही, कारण तिला सुईत दोरा ओवायचा नसतो. शिवणारीला मात्र ते आधी कळते. सुरुवातीला ती दोरा ओवायला नातवाला हाक मारते. मग काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना म्हणून गडद रंगाचे ब्लाउज परत पाठवते. मग दिव्याच्या अगदी जवळ बसते. आणि शेवटी सुई दिसावी म्हणून मान पुढे घालून मशीनवर ओणवी होते. आपल्या डोक्याचे वजन पाच किलोच्या आसपास असते. मान सरळ असेल तर ते मणक्यावर तोललेले राहते. मान पुढे वाकली की मागच्या स्नायूंवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे मानेची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे मूळ दुखणे पुष्कळदा डोळ्यांत असते. तिला मी मलम आणि पट्टा देत राहिलो, तर चूक माझी.

चष्म्याने काय फरक पडतो याचे पुरावे आता उपलब्ध आहेत. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशीच्या पुढच्या कामगारांना जवळचे दिसण्यासाठी साधे चष्मे देऊन एक अभ्यास झाला. तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी अधिक वाढली. पुढे बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या, हाताचे बारीक काम करणाऱ्या गरीब ग्रामीण लोकांवर असाच अभ्यास झाला आणि तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेथे चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न आठ महिन्यांत सुमारे एक तृतीयांशाने जास्त भरले. ना कर्ज, ना नवे यंत्र, फक्त नाकावर दोन काचा! शिवणकामाचा मोबदला नगावर असतो. दिसले तर नग होतो, नग झाला तर पैसे. हे गणित आमच्या भगिनींना माझ्यापेक्षा चांगले कळते.

मग त्या चष्मा का लावत नाहीत? मला मिळालेली उत्तरे सांगतो. 'चष्मा लावला की नंबर वाढतो.' हे खोटे आहे. नंबर वयाने वाढतो, चष्मा लावला नाही तरी वाढतो. 'लोक म्हातारी म्हणतील.' यावर माझ्याकडे औषध नाही. आणि तिसरे, जे फारसे कोणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे घरात आधी मुलाचा चष्मा, मग मालकांचा, मग सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. हिचा नंबर येईपर्यंत हिने शिवणे सोडलेले असते.

वाचायचा साधा चष्मा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तरी तो जत्रेतून अंदाजाने उचलू नये. चाळिशीनंतर एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण काचबिंदू मुकाट्याने येतो आणि मधुमेहाचा पडद्यावरचा परिणामही सुरुवातीला कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, तेथे ही सोय होते.

शिलाई मशीन आणि स्त्रीचे स्वावलंबन हे नाते आपल्याकडे जुने आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, तेथे शिवणकामाचे वर्ग चालत. आजही मशीनवाटप हा आपल्या सार्वजनिक जीवनातला आवडता कार्यक्रम आहे. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. याशिवाय पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मशीन वाटली जातात ती वेगळीच. मशीनला हार, बाईच्या हातात नारळ, मागे दहा पाहुणे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मी या वाटपाच्या विरोधात मुळीच नाही. मशीनने उभे राहिलेले संसार मी पाहिले आहेत. नवऱ्याच्या माघारी तीन मुलींची लग्ने मशीनवर करणारी बाई माझ्या परिचयाची आहे. पण त्या फोटोत मी दर वेळी एक वस्तू शोधतो आणि ती कधी सापडत नाही. बसायची खुर्ची!

मशीन घरी येते आणि त्याच्यापुढे ठेवला जातो प्लॅस्टिकचा स्टूल, लोखंडी डबा किंवा पिंप. पाठीला टेकू नाही, उंची जुळत नाही. बैठक बुटकी असली की खांदे कानाशी येतात. फार उंच असली की बाई कमरेतून वाकते. खरे तर पाठ असलेली साधी लाकडी खुर्ची पुरते. उंची कमी पडली तर घट्ट घडी घातलेली जुनी गोधडी खाली घ्यावी. कोपर मशीनच्या पाटाइतके यावे आणि दोन्ही पाय पायडलवर सपाट बसावेत. उजेड डाव्या बाजूने यावा. आणि अर्ध्या तासाने, बॉबिन भरायच्या निमित्ताने का होईना, उठून उभे राहावे.

उठण्याचा दुसराही फायदा आहे. हातातला नग पुरा होईस्तोवर लघवीला न जाणे आणि जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, ही सवय बहुतेक जणींना आहे. मग दर दोन महिन्यांनी जळजळ, ताप आणि माझ्याकडची फेरी. मशीनशेजारी तांब्या भरून ठेवावा आणि संध्याकाळपर्यंत तो दोनदा रिकामा व्हावा.

पायांच्या सुजेबद्दल मात्र थोडे गंभीरपणे लिहितो. दोन वर्षांपूर्वी आठवा महिना लागलेली एक तरुणी आली. पाय सुजलेले, डोके दुखत होते. घरच्यांचे म्हणणे, "दिवसभर पायडल मारते, म्हणून पाय सुजले. मशीन बंद केले की उतरेल." पंधरा दिवस त्यांनी वाट पाहिली होती. रक्तदाब पाहिला तर १६०च्या वर! लघवीत प्रथिने. तिला ताबडतोब जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. बाई आणि बाळ दोघेही वाचले, पण आणखी दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो. बसून काम केल्याने संध्याकाळी दोन्ही पावलांवर थोडी सूज येते आणि सकाळी उतरते, तेथवर ठीक. पण गर्भारपणात सूज आली की आधी रक्तदाब मोजावा, दोष नंतर मशीनला द्यावा. डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्याच दिवशी. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तीही तातडीची बाब आहे.

थकव्याचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. मशीनवर बसले की धाप लागते, हात गळून येतात, असे सांगणारीचे हिमोग्लोबिन मी आधी पाहतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली नस दबली आहे असे समजावे. जड कात्री आणि वाकवलेले मनगट हे तिचे एक कारण. पण थायरॉइड आणि साखरही तपासावी लागते. लवकर आलात तर रात्री मनगटाला पट्टी बांधूनही आराम पडतो.

सुई बोटातून आरपार जाण्याचे प्रकार पायमशीनला मोटर बसवल्यापासून वाढले आहेत. अशा वेळी जखमेवर मशीनचे तेल, चुना, हळद काहीही लावू नये. साबण-पाण्याने धुवावे. सुईचे तुटलेले टोक सापडले नाही तर ते बोटातच आहे असे धरून फोटो काढावा. धनुर्वाताचे इंजेक्शन (हल्ली टीटीऐवजी टीडी देतात) केव्हा घेतले होते ते आठवावे.

आणि दुकानातून मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या. सीझनमध्ये रोज एक याप्रमाणे महिनाभर त्या खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. पोटात जखम आणि मूत्रपिंडावर ताण हा त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकते, त्याने दुखणे जादूसारखे थांबते म्हणूनच ती पुडी वाईट.

२०२४ साली शाळांच्या गणवेशावरून राज्यात मोठी ओरड झाली. 'एक राज्य एक गणवेश' म्हणून शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिले होते. गणवेश वेळेवर पोचले नाहीत, मापे चुकली आणि डिसेंबरमध्ये तो निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. कापड, कंत्राट, तारखा यांवर पुष्कळ लिहून आले. रात्र रात्र जागून ते ढीग शिवणाऱ्या हातांबद्दल मी फारसे वाचले नाही. २०२० साली मास्क हवे होते तेव्हाही याच हातांनी ते शिवून दिले होते.

म्हणून बचत गटांच्या अध्यक्षांना आणि ग्रामपंचायतींना माझी सूचना आहे. जेथे मशीनवाटप असेल, तेथे त्याच मांडवात डोळे तपासणारा माणूस बसवा. यादीत मशीनच्या पुढे चष्मा आणि खुर्ची अशा दोन नोंदी घाला. खर्च मांडवाच्या भाड्यापेक्षा जास्त होणार नाही. आमच्या गावात यंदा तपासणीला बसायला मी तयार आहे, तुळशीच्या लग्नाआधी कोणताही सोमवार चालेल. त्या दिवशी लेणी बंद असतात आणि दवाखान्यातही गर्दी कमी असते.

केसपेपरवर 'शिवणकाम' लिहायला लावणारी ती भगिनी परवा आली होती. नाकावर चष्मा, दोरीने गळ्यात अडकवलेला. मान आता बरी आहे म्हणाली. सुनेच्या तापाचे औषध घ्यायला आली होती. सुनेचा केसपेपर मी लिहायला घेतला, तर पलीकडून आवाज आला, "ती पण शिवते बरं का, साहेब."