सुशिच यांची पॅरिसमधली वर्षे

पॅरिस सेंट-जर्मेन अर्थात पीएसजी या क्लबमध्ये २०११ साली कतारचा पैसा आला; त्याच्या आदल्याच वर्षी ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने क्लबच्या इतिहासातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून साफेत सुशिच यांची निवड केली होती. १९५५ साली बोस्नियातील झाविदोविची या गावी जन्मलेल्या सुशिच यांचे नाव भारतीय वाचकांना क्वचितच ठाऊक असते, आणि ही उणीव खरोखर भरून काढण्याजोगी आहे.

त्या काळच्या युगोस्लाव्हियात खेळाडूला साधारण अठ्ठाविशीपर्यंत परदेशी क्लबकडे जाऊ दिले जात नसे, त्यामुळे सुशिच यांच्या उमेदीची वर्षे एफके सारायेव्हो या क्लबकडेच गेली. १९७९ मध्ये त्यांनी इटली आणि अर्जेंटिना या दोन्ही बलाढ्य संघांविरुद्ध हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, नोंदवली. आज अशा खेळाडूला युरोपातील मोठ्या क्लबांनी त्याच आठवड्यात गाठले असते. पुढे इटलीत जाण्याचा बेत दोन क्लबांशी झालेल्या करारांच्या वादात फिसकटला आणि १९८२ च्या अखेरीस ते पॅरिसला आले. ज्या नियमाने त्यांची तारुण्यातील कमाई हिरावली, त्याच नियमामुळे पॅरिसला मात्र पूर्ण घडलेला खेळाडू मिळाला, असे म्हणावे लागते.

पीएसजीची स्थापना १९७० ची. म्हणजे क्लब कोवळा होता आणि त्याला परंपरा नव्हती. १९८३ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात, त्या वर्षी लीग जिंकलेल्या नांत या संघाविरुद्ध, सुशिच यांनी एक गोल केला आणि पॅरिसने ३-२ असा विजय मिळवला. पराभूत संघाकडून खेळत होते त्यांचेच देशबांधव वाहिद हालिलहोजिच. १९८६ मध्ये जेरार उलिये यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबने पहिले लीग विजेतेपद पटकावले. त्या संघात सुशिच आक्रमक मध्यरक्षक होते, म्हणजे बचावफळी आणि आघाडीपटू यांना जोडणारा खेळाडू. अशा खेळाडूचे मोल गोलांच्या आकड्यात पुरते उतरत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याला चकवून त्याने मोकळी केलेली जागा आणि त्या जागेत नेमक्या क्षणी धाडलेला पास यांचे श्रेय बहुधा गोल करणाऱ्याच्या खात्यात जमा होते.

१९९० च्या विश्वचषकात प्रशिक्षक इवित्सा ओसिम यांच्या युगोस्लाव्हिया संघातून, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत खेळले. १९९१ मध्ये त्यांनी पीएसजी सोडली आणि पॅरिसजवळच्या रेड स्टार क्लबकडून खेळून १९९२ मध्ये निवृत्ती घेतली. त्याच वर्षी बोस्नियात युद्ध पेटले. त्यामुळे युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या बोस्नियाच्या राष्ट्रीय संघाकडून एकही सामना खेळणे त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि या सबंध कारकिर्दीतील सर्वांत जड गोष्ट हीच आहे.

प्रशिक्षक या नात्याने मात्र त्यांनीच या देशाला २०१४ च्या विश्वचषकात प्रथम नेले. पात्रता फेरीत जेको आणि इबिशेविच असे दोन आघाडीपटू खेळवून त्यांच्या संघाने दहा सामन्यांत तीस गोल केले होते, परंतु माराकाना मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध त्यांनी एकट्या जेकोवर भिस्त ठेवली आणि संघ १-२ असा हरला. बोस्नियाचा विश्वचषकातील पहिला गोल त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या इबिशेविचनेच केला, हे पाहता सुशिच यांनी स्वतःच्या आक्रमक वृत्तीवर त्या दिवशी अधिक विसंबायला हवे होते.