एक पासपोर्ट, दोन घरं

"तो काही खरा आपला नाही" हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये रायन विल्यम्स या फुटबॉलपटूने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. जन्म पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. लगेच आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हे उसने खेळाडू कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, असे आणखी पंधरा आणा, मग बघा. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. का, ते सांगायला अराता इझुमीची आठवण काढावी लागेल. आपण त्याला किती चटकन विसरलो!

अराताचा जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. जपान आणि सिंगापूरमध्ये खेळून तो २००६ मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला. मग मुंबईचा महिंद्र युनायटेड, आणि २००९ पासून पुणे एफसी. बालेवाडीला ज्यांनी त्याला मधल्या फळीत खेळताना पाहिलं त्यांना आठवत असेल, आरडाओरडा नाही, दिखाऊपणा नाही, सतत पळणारा माणूस. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला तेव्हा तो त्या संघात होता. पण इतकी वर्षं इथल्या मातीत खेळूनही त्याची नोंद 'परदेशी खेळाडू' अशीच होत होती.

त्याला भारताकडून खेळायचं होतं. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यातून २००८ मध्ये सरकारने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असेल तोच भारताचा खेळाडू. त्याआधी असं नव्हतं. विजय अमृतराजचा मुलगा प्रकाश अमेरिकन नागरिक असूनही डेव्हिस चषकात भारताकडून टेनिस खेळत होता. नियम बदलला आणि तो रस्ता बंद झाला. अराताने मग २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं. कागदोपत्री तो नीलकंठ खंबोळजा झाला. २०१३ मध्ये त्याने भारताची जर्सी घातली. नागरिकत्व बदलून भारताकडून खेळलेला पहिला फुटबॉलपटू तो. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. वाट्याला मोजकेच सामने आले.

आता जरा व्यवहार बघा. त्याने काय दिलं? ज्या देशात जन्मला, शाळा शिकला, त्या देशात जायला आता त्याला व्हिसा काढावा लागणार. आपण काय दिलं? थोडे सामने आणि वर "हा खरा आपला का?" ही शंका! पन्नाशीतला एखादा साहेब परदेशचं नागरिकत्व घेतो तेव्हा आपण पेढे वाटतो. उलट दिशेने कोणी आलं की मात्र त्याच्या निष्ठेची परीक्षा घेतो. हा दुटप्पीपणा मला बोचतो.

मी शाळेत असताना प्रवेशाच्या अर्जावर 'मातृभाषा' असा रकाना असायचा. एकच ओळ. आई कानडी आणि वडील मराठी अशा घरातलं मूल दोन्ही भाषा बोलायचं, पण अर्जावर एकच लिहायची. म्हणून त्या मुलाची दुसरी भाषा खोटी ठरत नाही, रकानाच अपुरा असतो. अराताच्या बाबतीतही अपुरा होता तो आपला रकाना. त्याने आईचा देश की वडिलांचा, अशी निवड करायची, हा हट्ट कुणाच्या फायद्याचा?

शेजारी बघा. हमझा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मला. आई बांगलादेशी, वडील ग्रेनाडाचे. लेस्टरबरोबर एफए चषक जिंकलेला खेळाडू. बांगलादेशाने त्याला पासपोर्ट दिला, ब्रिटिश पासपोर्ट टाकून ये असं म्हटलं नाही. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला तो भारताविरुद्धच पहिला सामना खेळला, तो गोलशून्य बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला त्यांनी आपल्याला १-० ने हरवलं. मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत गेला, तेव्हा त्यांच्या २६ पैकी १४ जणांचा जन्म परदेशातला होता. त्यांचा देशाभिमान कमी पडला असं कोणी म्हणेल का?

"मग आपल्या पोरांची जागा जाते त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही, आणि दुसऱ्या तटाला मी म्हणूनच सावध करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून आपण २०२७ च्या आशिया चषकाबाहेर गेलो, ते काही परदेशातून माणसं आणली नाहीत म्हणून नव्हे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीही पुढे गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटी २०१९ नंतर उरला नाही. क्लबच टिकत नसतील तर गावातल्या पोराने खेळायचं कुठे? हे काम बाहेरचे पंधरा जण करणार नाहीत. पण म्हणून एका अराताला दार लावल्याने त्या पोराला मैदान मिळतं असंही नाही. उलट अराता पुढे प्रशिक्षक होऊन लहान मुलांनाच घडवायला लागला. जागा घेणारा तो, की जागा तयार करणारा?

माझी मागणी साधी आहे. परदेशस्थ भारतीयांना आपण ओसीआय कार्ड देतो. त्यावर ते इथे राहू शकतात, नोकरी करू शकतात, घर घेऊ शकतात. मग जो काही वर्षं इथल्याच क्लबकडून खेळला आहे, त्याला त्याच कार्डावर भारताकडून खेळू द्या. काही वर्षं ही अट हवीच, म्हणजे विमानातून उतरून थेट जर्सी घालणं होणार नाही. अराता सहा वर्षं इथे खेळल्यावर नागरिक झाला. अशा खेळाडूला आईचा देश न सोडता, ऐन उमेदीत भारताकडून खेळता यायला हवं.

आमच्या नात्यातली निम्मी नातवंडं आज तिकडे जन्मताहेत. त्यांच्यातलं एखादं उद्या चेंडू घेऊन इकडे आलं, तर त्याला आधी पासपोर्ट विचारायचा की आधी खेळायला घ्यायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. पटत नसेल तर जरूर कळवा, वाद घालायला मी तयार आहे.