शनिवार-रविवारचा स्वीडन

मुलगी परदेशी शिकायला गेली की आईच्या डोक्यात दोन घड्याळं चालू होतात. एक इथलं, एक तिथलं. ‘आता तिथे साडेतीन वाजले असतील, जेवली असेल का?’ हा प्रश्न मग भाजी फोडणीला टाकतानाही सुटत नाही.

अशाच एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची लेक एका सत्रासाठी स्वीडनमधल्या उप्सालाला गेली आहे. एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून. म्हणजे नाव इथल्याच कॉलेजात, पण ऑगस्टअखेरपासून जानेवारीपर्यंतचा अभ्यास तिथे. सोमवार ते शुक्रवार सगळं ठीक असतं. शनिवार उजाडला की मोबाइलवर फोटो येऊ लागतात. कधी स्टॉकहोम, कधी आणखी कुठलं गाव. सासूबाई विचारतात, ही शिकायला गेली आहे की फिरायला? यजमान हिशेब मागतात. आणि बाईंची स्वतःची काळजी निराळीच. परका मुलूख, एकटी पोर, आणि हिवाळ्यात दुपारीच पडणारा अंधार. तेव्हा ‘फिरणं बंद कर’ असं तिला सांगू का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नका सांगू. का ते सांगते. आणि ज्यांची मुलं पुढे कधी अशी जाणार आहेत, त्या मैत्रिणींनीही वाचावं.

आधी ती राहते ते गावच पाहू. उप्सालाचं विद्यापीठ १४७७ सालचं, उत्तर युरोपातल्या त्या सगळ्या देशांत सर्वांत जुनं. १८७२ साली तिथे बेटी पेटरसन या बाईंनी नाव घातलं. स्वीडनमध्ये विद्यापीठात शिकणारी ही पहिली स्त्री. आपण ताप मोजतो तो ज्याच्या नावाच्या अंशांत, तो सेल्सिअस इथलाच प्राध्यापक. गंमत म्हणजे १७४२ साली त्यानं मोजपट्टी केली ती उलटी होती. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर! पुढे ती सुलटी झाली. लिनिअसची बाग आणि घरही इथेच. हा माणूस कधी हिंदुस्थानात आला नाही, पण आपल्या आंब्याला ‘मँजिफेरा इंडिका’ आणि हळदीला ‘कुर्कुमा लाँगा’ ही शास्त्रीय नावं त्याच्याच १७५३ सालच्या ग्रंथातली. गावातल्या मोठ्या चर्चमध्ये त्याचं थडगं आहे. या चर्चचे मनोरे जवळजवळ ११९ मीटर उंच. आणि १९५५ ते १९६१ या काळात स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत राहिलेल्या आल्वा मिर्डाल, ज्यांना १९८२ साली शांततेचं नोबेल मिळालं, त्यांचा जन्म उप्सालाचा. पहिले दोन रविवार तर या गावातच जायला हवेत. तेही पायी, एक पैसा न घालवता.

मग स्टॉकहोम. आगगाडीनं चाळीसेक मिनिटं. सकाळी जाऊन रात्री परत, मुक्कामाचा खर्च नाही. शहर चौदा बेटांवर वसलेलं. जुन्या गावात, म्हणजे गामला स्तानमध्ये, एक बोळ इतका अरुंद की जेमतेम नव्वद सेंटिमीटर. समोरून कुणी आलं तर एकानं मागे फिरायचं. बाहेर बर्फ पडत असलं तर भुयारी रेल्वेची स्थानकंच पाहावीत. नव्वदएक स्थानकांत चित्रं, शिल्पं, रंगवलेल्या गुहा आहेत. एका तिकिटावर पंचाहत्तर मिनिटं हिंडता येतं.

पाण्याकाठी नगरभवन आहे, १९२३ सालचं. नोबेलची मेजवानी दरवर्षी १० डिसेंबरला तिथल्या ‘निळ्या दालना’त होते. दालन मात्र निळं नाहीच! वास्तुकाराला लाल विटा इतक्या आवडल्या की त्यानं निळा रंग द्यायचंच रद्द केलं. २०१९ साली अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि त्यांच्या फ्रेंच पत्नी एस्थर डुफ्लो साडी नेसून नोबेल घ्यायला आल्या होत्या, ते आठवतं ना? अभिजितच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, आपल्या मराठी. तेव्हा लेकीला म्हणावं, तिथे आपल्याही घरचं कुणी जेवून गेलं आहे.

पण स्टॉकहोममध्ये खरं पाहायचं ते ‘वासा’ जहाज. १६२८ सालच्या १० ऑगस्टला हे चौसष्ट तोफांचं जहाज पहिल्याच सफरीला निघालं. तेराशेएक मीटर गेलं असेल नसेल, वाऱ्याच्या झोतानं कललं, तोफांच्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि सगळ्या गावादेखत बुडालं. तीसेक माणसं गेली. ३३३ वर्षं ते चिखलात पडून होतं. १९६१ साली वर काढलं, आणि आज जवळजवळ अखंड उभं आहे.

जहाज वरून जड, खालून हलकं झालं होतं. आणि हे आधी कळलं नव्हतं असं नाही. काठावर असतानाच तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे धावायला लावून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलू लागलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. पण राजा दूर लढाईवर, त्याला जहाज हवं घाईनं. त्याला जाऊन ‘महाराज, हे काही खरं नाही’ असं सांगायचं धैर्य कुणाला झालं नाही. नंतर चौकशी झाली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या जहाजात दिसतं. तुम्ही बंदी घातलीत तर वीस-एकवीस वर्षांची मुलगी फिरायची थांबणार नाही. ती सांगायची थांबेल. आज शनिवारी ती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, कारण फोटो येतो. उद्या फोटो येणार नाही, ‘खोलीवरच आहे, अभ्यास करतेय’ असं उत्तर येईल. गाडी चुकली, पाकीट हरवलं, ताप आला, कुणाचं वागणं खटकलं, तर पहिला फोन आईला यायला हवा ना? ज्या घरात खरं बोललं की बोलणी बसतात, तिथे तो येत नाही. घरात राजा होऊ नये, बाई. राजाला कुणी खरं सांगत नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? सांगा की, परक्या भाषेतलं वेळापत्रक वाचणं, चार महिने आधी खर्च आखणं, रात्रीची गाडी पकडून वेळेवर परत येणं, हाही अभ्यासच. तो वर्गात होत नाही. शिवाय डोळे उघडे ठेवले तर कितीतरी दिसतं. तिथे भर दुपारी बागेत बाबागाड्या ढकलणारे बाप दिसतील, एकटेच. मुलाच्या जन्मानंतर तिथे आईबापांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी भत्त्याची रजा मिळते. १९७४ सालापासून ती बापालाही घेता येते, आणि त्यातले नव्वद दिवस त्याचेच राखलेले, आईला देता येत नाहीत. आपल्या मुलीनं हे पाहून यावं असं मला तरी वाटतं. मुलग्यांनी तर नक्कीच.

आता व्यवहाराचं.

शनिवार-रविवार सगळे बाहेरगावी नकोत. महिन्यातून एक मुक्कामाची सहल, एक दिवसाची, आणि बाकीचे दोन आठवडे खोलीवर : धुणं, स्वयंपाक, अभ्यास. धुण्याचंही तिथे वेळापत्रक असतं बरं का. इमारतीत सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली, आणि तिची पाळी आधी नोंदवायची. पाळी चुकली की आठवडाभर मळक्या कपड्यांत. परीक्षेच्या आधीचा आठवडा संपूर्ण घरी, ही अट तुम्ही घाला. अशी एखादी अट मुली मानतात. दहा अटी मानत नाहीत.

दूरची गावं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकावीत. उजेड असतो, थंडी बेताची असते. पश्चिम किनाऱ्यावरच्या योतेबोरीला (आपण नकाशात गॉथेनबर्ग वाचतो ते) जायला चारेक तास. १६२१ साली वसवलेलं हे बंदर. कालवे डच कारागिरांनी आखलेले. गावभर ट्राम. मासळीबाजाराची १८७४ सालची इमारत हुबेहूब चर्चसारखी, म्हणून लोक तिला ‘मासळीचं चर्च’च म्हणतात. आपल्या कोकणातल्या मैत्रिणींना आवडेल! हागा नावाच्या जुन्या वस्तीत ताटाएवढे दालचिनीचे पाव मिळतात. एक घेऊन चौघींनी खावा. आणि ट्रामच्याच तिकिटावर बोटीनं जवळच्या बेटांवर जाता येतं. तिथे मोटारी नाहीत, नुसते खडक, वारा आणि समुद्र.

दक्षिणेला माल्मो आणि लुंड. हे लांब, तेव्हा दोन रात्री हव्यातच. दोन्ही गावांत पाव तासाचं अंतर, म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी करावा. लुंडच्या चर्चमधलं मध्ययुगीन घड्याळ दिवसातून दोनदा वाजतं आणि छोटे छोटे राजे मेरीपुढून मुजरा करत जातात. माल्मोहून समुद्रावरचा २००० सालचा पूल ओलांडला की डेन्मार्क. आगगाडीनं कोपनहेगन पाऊण तासाच्या आत. पण तो दुसरा देश आहे. पासपोर्ट आणि स्वीडनचं निवासपत्र दोन्ही जवळ हवं. मैत्रिणी निघाल्या म्हणून हीही तशीच निघाली, असं होऊ नये.

खर्च वाचतो तो तीन ठिकाणी. एक, आगगाडीचं तिकीट. जितकं आधी काढावं तितकं स्वस्त, आणि विद्यार्थ्यांना सवलतही असते. दोन, मुक्काम. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत चादरी-टॉवेलचे पैसे बहुधा निराळे पडतात. इथून जातानाच एक हलका पलंगपोस, अभ्रा आणि पंचा द्या. तीन, खाणं. उपाहारगृहांतली दुपारची स्वस्त थाळी सोमवार ते शुक्रवारच असते. शनिवारी बाहेर जेवलं की महिन्याचं गणित कोलमडलंच. तेव्हा डबा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, स्वीडिश लोकही कामावर घरचाच डबा नेतात. धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस सहज टिकतात. पाणी विकत घेऊ नये, नळाचं उत्तम असतं.

इथून खाऊ पाठवताना एक लक्षात ठेवा. तूप, पेढे-बर्फी, दुधाचे पदार्थ, मांस-मासे यांना तिकडे बंदी किंवा निर्बंध आहेत. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, कोरड्या चटण्या, गोडा मसाला, भाजणी हे द्यावं. वेलदोडे मात्र देऊ नका. आश्चर्य वाटेल, पण स्वीडिश बायका पावात वेलदोडे घालतात, आणि १३ डिसेंबरच्या लुसियाच्या सणाला केशराचे पाव करतात. म्हणजे पोरीला तिथल्या बेकरीतही घरचा वास येईल. दुपारची कॉफी आणि गोड पाव यांना ते ‘फीका’ म्हणतात. दोन घटका बसायचं, बोलायचं. आपल्या चारच्या चहासारखंच.

राहता राहिला अंधार. डिसेंबरात उप्सालाला सूर्य तीनच्या आतच मावळतो. हा अंधार म्हणजे धोका नव्हे, तिथे तो रोजचाच. सगळे जण कोटाला चमकणारा बिल्ला अडकवून चालतात, म्हणजे मोटारवाल्याला माणूस लांबून दिसतो. तिनंही अडकवावा. बुटाचे तळवे खरखरीत हवेत, कारण बर्फावर घसरून हात मोडतात. फोन भरलेला, एक जादा कार्ड निराळ्या खिशात (रोख पैसे तिथे फारसे चालतच नाहीत), आणि ११२ हा अडचणीचा नंबर पाठ. जाण्याआधी गाडीची वेळ आणि मुक्कामाचा पत्ता तुम्हाला कळवायचा, पोचल्यावर एक ओळ. एवढं मागणं हा आईचा हक्क आहे.

खरी भीती मला अंधारातल्या खोलीची वाटते. नोव्हेंबर आला, ऊन दिसेनासं झालं, की पुष्कळ मुली खोलीतून बाहेरच पडत नाहीत. जेवण टळतं, झोप बिघडते, फोनवर ‘ठीक आहे’ एवढंच येतं. फोटो येईनासे झाले तर त्या शनिवारी काळजी करा. आणि तिलाच सांगा, दुपारच्या उजेडात तासभर तरी कुठेतरी जाऊन ये, गावातल्या गावात का होईना.

हिवाळ्यात तिचं घड्याळ साडेचार तास मागे असतं. रविवारी आपल्या रात्री साडेनऊला तिथे संध्याकाळचे पाच. गाडीनं परत येत असेल, नाहीतर खोलीवर कॉफी ढवळत असेल. त्या वेळी फोन लावा, शेजारी सासूबाईंना बसवा, मांडीवर नकाशा घ्या. ‘किती खर्च झाला?’ हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, ‘काय पाहिलंस?’