सराव मुलांचा, परीक्षा मोठ्यांची

ऑगस्ट २०२३मध्ये धुळ्याच्या स्वामीनारायण मंदिरात पोलिसांचे मॉक ड्रिल सुरू होते. अतिरेक्यांच्या वेशातले पोलीस आत शिरले, लहान मुले घाबरून रडू लागली, आणि एका संतापलेल्या बापाने पुढे होऊन त्यातल्या एका ‘अतिरेक्या’च्या थोबाडीत दिली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, लोक पोट धरून हसले. पोलिसावर हात उगारणे गैरच. पण त्या संतापामागचा मुद्दा बिनतोड होता. बंदूक खोटी आहे हे मोठ्यांना ठाऊक होते, पोरांना नव्हते. शाळांमधले आपत्तीचे सरावही पुष्कळदा याच वळणावर जातात. धूर केला जातो, एखाद्या विद्यार्थ्याला जखमी ठरवून स्ट्रेचरवर घालतात, सायरन अचानक वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते ती अमुक मिनिटांत शाळा रिकामी झाल्याची. त्या मिनिटांत पहिली-दुसरीतल्या पोरांचे काय झाले, यासाठी अहवालात रकाना नसतो. मुलांचा सराव आधी सांगून, नाटक टाळून व्हावा आणि संपल्यावर त्यांच्याशी बोलणे हा त्याचाच भाग मानावा. बेसावध गाठायचेच असेल, तर मोठ्यांना गाठावे.

सराव हवेत, यात वाद नाही. जुलै २००४मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले आगीत गेली; २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले, ते त्या पार्श्वभूमीवर. प्रश्न पद्धतीचा आहे, आणि त्याबद्दलचा पुरावा मुख्यतः अमेरिकेतून येतो, कारण गोळीबाराच्या भीतीने तिथल्या शाळांत असे सराव सर्रास होतात. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथी ते सहावीच्या मुलांना आधी समजावून, शिकवून सराव दिला होता. काय करायचे ते त्यांना नीट कळले, आणि त्यांची चिंता इतर मुलांपेक्षा वाढली नाही. उलट जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ११४ शाळांच्या परिसरातल्या समाजमाध्यमांवरच्या नोंदी सरावाच्या आधी आणि नंतर तपासल्या, तेव्हा ताण आणि चिंतेच्या खुणा ४२ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. त्यात पालकही होते, आणि आपल्या सरावांचा विषय बहुधा आग किंवा भूकंप असतो. पण दोन्ही एकत्र वाचले की बोट सरावाकडे न जाता तो घेण्याच्या रीतीकडे जाते. न्यूयॉर्क राज्याने २०२४मध्ये सरावातल्या हल्ल्याच्या नाटकावर बंदी घातली आणि पालकांना आधी कळवणे बंधनकारक केले. सराव मात्र चालू ठेवले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की संकट काही सांगून येत नाही, मग सराव सांगून कशाला? जपानमधल्या कामाइशी शहराकडे पाहावे. मार्च २०११च्या त्सुनामीत तिथली जवळपास तीन हजार शाळकरी मुले, मोजके अपवाद सोडले तर, वाचली. मोठ्या मुलांनी धाकट्यांचे हात धरून उंचावर धाव घेतली. त्यामागे वर्षानुवर्षांचे शिक्षण होते, ठरलेल्या वाटांचा सराव होता. पाय आपोआप वळावेत यासाठी पुन्हा पुन्हा करणे लागते. धसका बसलेले मूल उलट जागीच थिजते. आणि अचानक तपासायला हव्यात त्या गोष्टी तरी कोणत्या? मागच्या फाटकाच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, वीज गेल्यावर घंटा कशी वाजणार, हजेरीपट हातात घेऊन बाहेर कोण पडणार. हे सगळे शाळा सुटल्यावर, फक्त कर्मचाऱ्यांना घेऊन, खुशाल न सांगता तपासावे.

पालघर जिल्ह्यात तर हा मुद्दा जास्तच टोकदार होतो. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, शेकडो धक्के बसले. लोकांनी रात्री तंबूत काढल्या. फेब्रुवारी २०१९मध्ये धक्क्याच्या वेळी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. अशा भागातल्या आश्रमशाळेत न सांगता घंटा बडवली, तर मुलांना तो सराव कशावरून वाटावा? शिवाय तिथले मूल त्या रात्री आईच्या कुशीत शिरू शकत नाही, ते वसतिगृहातच झोपते. म्हणून तिथल्या अधीक्षिकेला त्या संध्याकाळी काय बोलायचे हे शिकवणे, स्ट्रेचर आणण्याइतकेच गरजेचे आहे.

शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणे, निवडणुका आणि फोटो अपलोड करण्याचे ओझे आहे, त्यात हे आणखी कशाला, ही तक्रार रास्त आहे. पण मागणी फार नाही. आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर निरोप, वर्गात एकदा सायरन ऐकवणे, आवाजाने बिथरणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाबरोबर कोण असेल हे ठरवणे. त्याला सरावातून वगळून वर्गात बसवून ठेवणे सर्वांत वाईट. आणि शेवटी मैदानावरच दहा मिनिटे बसून विचारणे, की कशाची भीती वाटली? सराव पक्का होतो तो इथेच. पाचवीतला मुलगा विचारेल, माझी बहीण दुसरीत आहे, तिला कोण आणणार? याचे उत्तर शाळेकडे नसेल, तर खऱ्या वेळी तो रांग सोडून दुसरीच्या वर्गाकडे पळणार, आणि शाळा कितीही मिनिटांत रिकामी झाली असली तरी अहवालात आधी हे लिहिले जायला हवे.